वाचक विचारतात: वॉर पिक्चर खरे किती असतात?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमचा आवडता जुना वॉर पिक्चर कुठला आणि त्यातली कुठली गोष्ट खरी की खोटी हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून प्रश्न आले. त्यातले काही निवडून उत्तरं देतोय. सगळ्यात जास्त अर्थातच बॉर्डर या पिक्चरवर आले, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: बॉर्डर मी दर 15 ऑगस्टला बघते आणि दरवेळी रडते. पण भाऊ म्हणतो त्यात मेलेले बरेच जण प्रत्यक्षात मेलेच नव्हते. खरं आहे का? (एक वाचक, दादर)

ताई, भाऊ बरोबर बोलतोय. राजस्थानातल्या लोंगेवालाची लढाई 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या रात्री झाली, 23 पंजाब या बटालियनची एक कंपनी म्हणजे साधारण 120 जवान आणि समोर चाळीसेक रणगाडे घेऊन आलेली पाकिस्तानी ब्रिगेड, हे सगळं खरं. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी खरे, त्यांना महावीर चक्र मिळालं. पण आपले जवान गेले ते दोन. पिक्चरमध्ये बघावं तर शेवटपर्यंत एकेक जण पडत जातो. अक्षय खन्नाने केलेला धर्मवीर मारला जातो, प्रत्यक्षात धर्मवीर त्या रात्री सीमेवर गस्तीला होते, रणगाड्यांचा आवाज त्यांनीच आधी ऐकून कळवला आणि लढाईनंतरही ते फौजेत नोकरी करत राहिले. सुनील शेट्टीचा भैरोसिंग सुरुंग घेऊन रणगाड्यावर जातो तो सीन तर सगळ्यांना पाठ आहे, पण बीएसएफचे खरे भैरोसिंग राठोड डिसेंबर 2022 पर्यंत हयात होते, 1997 मध्ये पिक्चर आल्यापासून पुढची पंचवीस वर्षं लोक त्यांना शहीद समजत राहिले आणि ते राजस्थानात आपल्या गावी जिवंत होते. मला हे खटकतं. जिवंत माणसाला मारून त्याच्या शौर्याची किंमत वाढत नाही, आणि आजूबाजूच्या माणसांनी त्याला जाऊन भेटायचं, त्याच्याकडून ऐकायचं ते राहून जातं.

आणि खरी गोष्ट काही कमी थरारक नव्हती हो. चौकीभोवती जवानांनी काटेरी तारेचं पातळ कुंपण घातलेलं होतं. अंधारात पुढचे रणगाडे त्या तारेपाशी आले आणि पाकिस्तान्यांना वाटलं की पुढे सुरुंग पेरलेत, म्हणून ते थांबले, सुरुंग शोधणारी माणसं पुढे बोलावली, त्यात तास-दोन तास गेले आणि तेवढ्या वेळात वरच्या टेकाडावरून जीपवरच्या रणगाडे फोडणाऱ्या रिकॉइललेस तोफेने त्यांना टिपलं. बाकी गाड्या बाजूने जायला गेल्या तर वाळूत रुतल्या. आपल्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, त्यामुळे उजाडायची वाट बघणं एवढंच हातात होतं, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून मोजकीच विमानं आली पण पाकिस्तानचं एकही विमान समोर नव्हतं, मग उघड्या वाळवंटात रणगाडे लपणार कुठे. ही वाट बघण्याची रात्र पिक्चरमध्ये आहे, ती छान घेतलीये, तेवढ्यासाठी मी पण बॉर्डर परत बघतो. पण ती तार मला मोठी दाखवायला हवी होती.

प्रश्न: जुन्या हॉलिवूड पिक्चरमध्ये जर्मन रणगाडे म्हणून अमेरिकन रणगाडेच दाखवतात असं वाचलं. मग त्यांना काय अर्थ? (डोंबिवली)

दाखवतात. 1965 चा बॅटल ऑफ द बल्ज आणि 1970 चा पॅटन, दोन्हींचं बरंच शूटिंग स्पेनमध्ये झालं आणि स्पॅनिश आर्मीकडे जे अमेरिकन रणगाडे होते तेच जर्मन रंग देऊन उभे केले. कारण साधं आहे, खरे टायगर म्हणजे जर्मनांचे रणगाडे तोवर उरलेच नव्हते म्हणा ना, चालणारा मिळणं तर अशक्यच. याबद्दल मी दिग्दर्शकाला फार दोष देत नाही. बल्जचा माझा राग वेगळा आहे. ती लढाई डिसेंबर 1944 मध्ये आर्देनच्या जंगलात, बर्फात आणि धुक्यात झाली, धुक्यामुळे दोस्तराष्ट्रांची विमानं उडू शकली नाहीत म्हणून तर जर्मनांना सुरुवातीला यश आलं, आणि पिक्चरच्या शेवटी रणगाडे लढतात कुठे तर कोरड्या उघड्या माळावर. हवामान हेच त्या लढाईचं अर्धं कारण होतं, ते काढलं की लढाई कळतच नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर 1970 चाच टोरा टोरा टोरा बघा. त्यातली जपानी विमानं अमेरिकन ट्रेनर विमानांना पत्रे लावून तयार केलेली आहेत, पण पर्ल हार्बरवर काय झालं, कुठला निरोप कुठे अडकला, कुठल्या रडारवाल्याचं कोणी ऐकलं नाही, हे दोन्ही बाजूंनी इतकं नीट सांगितलंय की विमानाकडे लक्षच जात नाही. फक्त शेवटी जपानी ॲडमिरल यामामोटोच्या तोंडी जे झोपलेल्या राक्षसाला जागं केल्याचं वाक्य आहे, ते तो प्रत्यक्षात बोलल्याचा किंवा त्याने कुठे लिहिल्याचा पुरावा सापडलेला नाही. आज अर्धं जग ते वाक्य इतिहास म्हणून शेअर करतं.

प्रश्न: डॉ. कोटणीस की अमर कहानी हा वॉर पिक्चर धरायचा का? आई त्याच्याबद्दल फार बोलायची. (परळ)

धरायचाच. आणि तुम्ही परळचे म्हणून जास्त आनंद झाला, कारण व्ही. शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ तिथलाच, आणि द्वारकानाथ कोटणीस ज्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकले तेही तिथलंच. सोलापूरचा हा मुलगा 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून जपानशी लढणाऱ्या चीनला गेला, बाकीचे यथावकाश परतले, हे परतले नाहीत. पिक्चर 1946 चा, म्हणजे त्यांना जाऊन चार वर्षंही पुरती झाली नव्हती, शांतारामबापूंनी स्वतः कोटणीसांचं काम केलं आणि जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी बायकोचं. इतक्या ताज्या घटनेवर त्या काळात, इंग्रज अजून इथे असताना, असा पिक्चर काढणं ही मोठी गोष्ट होती.

आता खरं-खोटं. पिक्चरमध्ये प्लेगवर इलाज शोधणं हा मोठा भाग आहे आणि जपानी सैनिक त्यांना पकडतात, ते निसटतात वगैरे नाट्यही आहे. खरे कोटणीस सर्जन होते. त्यांचं मोठेपण ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहण्यात होतं. 1940 मधल्या एका लढाईत ते 72 तास न झोपता ऑपरेशनं करत होते, शेकडो जखमी त्यांच्या हाताखालून गेले. ही गोष्ट कॅमेऱ्यासमोर दाखवायला अवघड, कारण त्यात घडत काहीच नाही, फक्त एक माणूस आणि पुढचा जखमी आणि त्याच्या पुढचा. प्लेग दाखवायला सोपा पडतो. त्यांना फिट्सचा त्रास होता आणि त्यातच 9 डिसेंबर 1942 ला ते गेले, वय 32, मुलगा तेव्हा तान्हा होता. त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, हेही माहीत असू द्या, आपल्याकडच्या शाळेच्या धड्यांत ते सहसा येत नाही. त्यांच्या पत्नी को छिंगलान 2012 पर्यंत हयात होत्या.

प्रश्न: ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय माझा ऑल टाइम फेव्हरेट. तो ब्रिटिश कर्नल खरंच होता का? (ठाणे)

पिक्चर म्हणून माझाही. पण इतिहास म्हणून त्याच्यावर अन्याय झालाय असा एक माणूस आहे, लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी. थायलंडमध्ये बर्माकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी जपान्यांनी कैद्यांकडून जो पूल बांधून घेतला, त्यापाशी खरा वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी तो होता. पिक्चरमधला निकल्सन जपान्यांसाठी झपाटून पूल बांधतो, खऱ्या टूसीने उलटं केलं, माणसं जगवायची म्हणून कामाला होकार दिला पण काम बिघडवायच्या वाटा उघड्या ठेवल्या. कैदी वाळवी गोळा करून लाकडी खांबांत सोडायचे, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवायचे. वाळवी! एवढी सुंदर गोष्ट हाताशी असून ती घेतली नाही. ज्या कैद्यांनी त्याच्या हाताखाली दिवस काढले त्यांना पिक्चर बघून वाईट वाटलं, रागही आला, आणि मला तो राग पटतो.

शेवटी पूल उडतो तेही पिक्चरपुरतंच, ज्या कादंबरीवरून पिक्चर काढला तिच्यातसुद्धा पूल उडत नाही. प्रत्यक्षात 1945 मध्ये दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकून तो तोडला, नंतर दुरुस्त झाला आणि आजही कांचनाबुरीला त्याच्यावरून ट्रेन जाते. शूटिंग झालं सिलोनमध्ये. नदीचं तर गंमतीशीरच झालं, मूळ पूल ज्या नदीवर होता तिचं नाव क्वाय नव्हतंच, पिक्चर बघून टुरिस्ट यायला लागले आणि शेवटी 1960 मध्ये थाई सरकारने नदीच्या त्या भागाचं नाव बदलून टाकलं.

पण एवढं सगळं सोडा, मुख्य गोष्ट ही की त्या रेल्वेवर सुमारे 12,000 युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट. त्यांत मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर होते, बर्मी होते, जावाचे होते. पिक्चर बघून बाहेर पडलेल्या माणसाला ही रेल्वे गोऱ्या कैद्यांनी बांधली असंच वाटतं. रणगाडा चुकला तर मी सोडून देईन पण कोण मेलं हे चुकलं तर नाही सोडणार.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धावर इतके पिक्चर, त्यात आपली माणसं का नाहीत? मराठी माणूस कुठे होता? (लालबाग)

बऱ्याच ठिकाणी होता. इटलीत भारताच्या तीन डिव्हिजन लढल्या आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला, नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे. घाडगे रायगडच्या माणगाव तालुक्यातले, वय 22. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला, ते सोडून सगळे एकतर पडले नाहीतर जखमी झाले. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून ती मशीनगन बंद पाडली, टॉमीगन रिकामी होईपर्यंत चालवली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. यातलं एक अक्षर वाढवून सांगायची गरज नाही, सरळ शूट करा. इटलीतल्या मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांचं स्मारक झालं. आणि आपण गणपतीला गावी जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकतो, तिथेच त्यांचा पुतळा आहे, पुढच्या वेळी गाडी बाजूला घेऊन बघून या.

डंकर्कबद्दलही दोघांनी विचारलंय. पिक्चर नवा आहे, 2017 चा, म्हणून थोडक्यात. 1940 मध्ये फ्रान्सच्या डंकर्कहून ब्रिटिश फौज बोटींतून निघाली तेव्हा तिथे भारतीय सैनिक होते, खेचरांच्या कंपन्या होत्या, आणि डिसेंबर 1939 मध्ये त्या बोटीत चढल्या त्या आपल्या मुंबई बंदरातून. पिक्चरमध्ये दिसत नाहीत.

प्रश्न: ग्रेट एस्केपमधली बाईकची उडी खरी का? (विलेपार्ले)

नाही. उडी तर नाहीच, आणि जर्मन कैदी छावणीतून प्रत्यक्ष पळण्याच्या काही महिने आधी अमेरिकन कैद्यांना दुसऱ्या कंपाउंडमध्ये हलवलं होतं त्यामुळे त्या रात्री भुयारातून पळालेल्यांत कोणी अमेरिकन नव्हता. भुयारं मात्र अगदी खरी आहेत, टॉम, डिक आणि हॅरी ही नावंसुद्धा, आणि ज्या कॅनेडियन कैद्याने ती खणायला मदत केली तोच पिक्चरला सल्लागार होता म्हणून खणण्याचे सीन इतके पटतात. मार्च 1944 मध्ये 76 जण बाहेर पडले, 73 पकडले गेले, 50 जणांना गोळ्या घातल्या. पिक्चरमध्ये त्यांना एकत्र उभं करून मारतात, खरं तर गेस्टापोने म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी बहुतेकांना वेगवेगळ्या ठिकाणी एकेक दोनदोन करून मारलं आणि पळताना मारले गेले असं दाखवलं, त्यावर युद्धानंतर खटले चालले. पिक्चर त्या 50 जणांना अर्पण केलाय, म्हणून बाईक मी माफ करतो.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, त्याला आधी कुठला दाखवू? (बोरिवली)

हकीकत. 1964 चा, चेतन आनंदचा, चीनशी 1962 मध्ये हरलेल्या युद्धावरचा. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून कुरकुर करेल, करू द्या. प्रेमाची गोष्ट कल्पित आहे पण लडाखचे डोंगर खरे आहेत, हातातल्या थ्री नॉट थ्री रायफली खऱ्या आहेत, थंडीचे धड कपडे नाहीत हे खरं आहे. बघून झाला की त्याला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत काय झालं ते शोधायला सांगा, 18 नोव्हेंबर 1962, 13 कुमाऊँची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग. बर्फ वितळल्यावर जवान खंदकात हातात हत्यार धरलेल्या अवस्थेत सापडले होते. त्यानंतर नॉर्मंडीतल्या चढाईवरचा लाँगेस्ट डे दाखवा, त्यात जर्मन माणसं जर्मन बोलतात आणि फ्रेंच माणसं फ्रेंच, सबटायटल वाचायची सवय होईल, आणि त्यात पूल ताब्यात घेणाऱ्या ब्रिटिश मेजर हॉवर्डचं काम करणारा रिचर्ड टॉड स्वतः 6 जून 1944 ला पॅराशूटने नॉर्मंडीत उतरला होता आणि त्याच पुलापाशी लढला होता, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे तो सीन आला की मोबाईल खाली ठेवेल. बॉर्डर त्याने बहुतेक बघितलेलाच असेल, तर वरचं पहिलं उत्तर त्याला वाचायला द्या.