नोकरी सोडण्याआधी रविवार वापरून पाहा

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका सहकारी बँकेच्या हिशेब विभागात लग्नाआधीपासून काम करते आहे. मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून घरात काय आणि बँकेत काय, आपण केवळ सवयीने वावरतो आहोत, असे वाटू लागले आहे. काहीतरी नवे करावे म्हणून मी योगवर्ग लावला, महिलांच्या एका गटाबरोबर हिमाचलची सहल केली, जलरंगांचा वर्ग अर्धवट सोडला. मध्यंतरी मोडी लिपीच्या रविवारच्या वर्गालाही जात होते. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळच्या कागदांची एक पेटी आहे. त्यातल्या एका कागदावरची ‘जमा’ आणि ‘बाकी’ ही अक्षरे मला लागली, तेव्हा रात्री अकरा वाजता मी घरातल्या सगळ्यांना उठवून तो कागद दाखवला होता. मार्चमध्ये वर्षअखेरीच्या कामामुळे तोही वर्ग सुटला. आता बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आहे. ती घ्यावी आणि एकदाचे सगळे सोडून नव्याने सुरुवात करावी, असे मनात येते. यजमान म्हणतात, ‘तुझा स्वभावच धरसोडीचा आहे, नोकरी सोडलीस तरी तीच गत होईल.’ ताई, त्यांचे खरे आहे का?

उत्तर : धरसोडीचा आरोप मला मान्य नाही. आवडते काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चार ठिकाणी हात घालून पाहणे आणि जिथे मन रमत नाही तिथून निघून येणे यात गैर काही नाही. मात्र तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि एक गोष्ट लक्षात आली. योगवर्ग, सहल आणि जलरंग या तिन्हींची बोळवण तुम्ही एका वाक्यात केली आहे, आणि मोडीच्या कागदापाशी आल्यावर तुमची लेखणी थांबली आहे. घरच्यांना झोपेतून उठवण्याइतका आनंद तुम्हाला या एकाच ठिकाणी झालेला दिसतो, आणि तो वर्ग सुटला तो कंटाळ्यामुळे नव्हे, तर ताळेबंदामुळे.

आयुष्य बदलणे म्हणजे आधी जुने सगळे मोडायचे आणि मग रिकाम्या जागेवर नवे उभारायचे, अशी एक कल्पना अलीकडे फार बोकाळली आहे. ज्यांची उदाहरणे यासाठी दिली जातात त्यांचे चरित्र मात्र निराळेच सांगते. डॉ. श्रीराम लागू १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटकांत काम करीत होते, आणि पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या प्रयोगांसाठी दवाखाना सांभाळून तालमी करण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती, हे सांगायचे राहून जाते. पं. वसंतराव देशपांडे यांनीही लष्कराच्या हिशेब खात्यातली कारकुनी दीर्घकाळ सांभाळून गाणे केले. दोघांच्याही बाबतीत नवा माणूस जुन्या नोकरीच्या आडोशाला आधीच तयार झालेला होता. राजीनामा हा शेवटचा कागद होता.

तुमचा नवा माणूस अजून तयार झालेला नाही, त्याची दोन अक्षरे लागली आहेत एवढेच. म्हणून स्वेच्छानिवृत्ती आताच घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याला पैशाचीही बाजू आहे. तुम्ही कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ यामध्ये असाल, तर पूर्ण निवृत्तिवेतन ५८व्या वर्षी सुरू होते. ते पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितक्या वर्षांसाठी दरसाल ४ टक्क्यांनी कमी होते आणि ती घट कायमची असते. बँक एकरकमी किती देणार हे विचारताना हा हिशेबही मांडून घ्या. हिशेबाच्या बाबतीत तुम्हाला मी काय शिकवणार!

दरम्यान मोडीचा वर्ग पुन्हा धरा. या लिपीत आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे अक्षरे ओळखता आली तरी ओळ लागत नाही, आणि बहुतेक शिकणारे इथेच गळतात. जुन्या कागदांत हिशेबाचे कागद विपुल असतात, आणि इतरांना जिथे नुसती अक्षरांची माळ दिसते तिथे कीर्द आणि खतावणीवर आयुष्य गेलेल्या माणसाला ओळीत पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. ही तुमची जमेची बाजू आहे, आणि ती त्याच नोकरीने दिली आहे जिला तुम्ही कंटाळला आहात. इहिदे, इसन्ने, सलास ही शुहूर सनाची, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरल्या जाणाऱ्या कालगणनेची, अरबी अंकनामे पाठ करा, म्हणजे पेटीत तितके जुने कागद निघाले तर त्यांचे सालही तुम्हाला काढता येईल. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि १९१० पासून काम करणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि ते वाचणारे थोडे आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची किती शोधाशोध झाली हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेलच. यातून पोट भरेल असे आश्वासन मी देणार नाही. पुढच्या मार्चमध्येही वर्ग टिकला, तर निवृत्तीचा विषय यजमानांपुढे पुन्हा काढा. तोपर्यंत त्यांना उत्तर म्हणून त्या पेटीतला एक संपूर्ण कागद वाचून दाखवला तरी पुरे.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला, वय २८. पुण्यात सदाशिव पेठेत राहून पाच वर्षे राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, पुढे गेलो नाही. आता थांबावे असे वाटते, पण ‘अभ्यास करणारा मुलगा’ यापलीकडे मी कोण आहे तेच कळत नाही. गावी जाण्याची लाज वाटते.

उत्तर : वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. दार इतका काळ उघडे असल्यामुळेच अभ्यासिकेतून उठायचे कधी, हे कोणी ठरवत नाही. तुम्ही ते ठरवत आहात, यात लाजण्यासारखे मला काही दिसत नाही.

आपण कोण आहोत हे खोलीत बसून उमगणार नाही, त्यासाठी निकाल ज्याचा लागत नाही असे एखादे काम काही महिने करावे लागेल. जमीन महसुलाचा कायदा तुम्ही परीक्षेसाठी वाचला आहे. तालुक्याच्या ठिकाणी महसुली दावे चालवणाऱ्या एखाद्या वकिलाकडे किंवा सेवा केंद्रात काम मागा. फेरफार अडलेला, सातबाऱ्यावरचे नाव चुकलेला शेतकरी समोर बसला की पुस्तकातले कलम आणि तलाठी कार्यालयातला व्यवहार यांत किती अंतर आहे ते दिसेल, आणि ते काम तुम्हाला आवडते की नाही हेही कळेल. नाही आवडले तर सोडून द्या. वरच्या पत्रातल्या ताईंना सांगितले तेच तुम्हालाही लागू आहे.

आणि गावी जाण्याआधी वडिलांना फोनवर निर्णय स्वतः सांगा. पारावर पहिला प्रश्न निकालाचाच येणार, आणि बहुधा तो तुमच्याआधी त्यांना विचारला जाईल.