शंभर वर्षांपूर्वी आइस हॉकी खेळून घर चालायचं का? सायक्लोन टेलरचं उदाहरण

प्रश्न असा आहे: ‘सायक्लोन टेलरला एका मोसमाचे हजारो डॉलर मिळायचे म्हणतात. मग तो आयुष्यभर सरकारी नोकरी का करत राहिला?’

कारण पैसा मिळत होता, पण पुढच्या हिवाळ्यात तो मिळेलच याची हमी नव्हती. माझ्या मते टेलरच्या कारकिर्दीतले बहुतेक निर्णय या एका गोष्टीवरून समजतात.

आइस हॉकीपटू फ्रेड ऊर्फ ‘सायक्लोन’ टेलर १८८४ साली कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, तारा या गावी जन्मला आणि लिस्टोवेलमध्ये वाढला. ऑन्टारियोत तेव्हा हौशी संघटनेचं राज्य होतं. सचिव विल्यम हेविट यांनी त्याला टोरांटोच्या मार्लबरोज संघाकडून खेळायला बोलावलं. त्याने नकार दिला, तर १९०४-०५ मध्ये त्याला प्रांतात कुठेच खेळू दिलं नाही. मग तो मॅनिटोबात गेला आणि तिथून १९०६ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या होटन या तांब्याच्या खाणींच्या गावी. तिथली लीग १९०४ ते १९०७ चालली. सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारी ही पहिली लीग. होटनच्या पोर्टेज लेक्स संघाने १९०६ आणि १९०७ चं विजेतेपद मिळवलं, पण लीगच बंद पडली आणि टेलर पुन्हा मोकळा झाला.

त्याला एवढी मागणी का होती, हे तेव्हाचे नियम पाहिल्याशिवाय कळत नाही. एका संघात सात खेळाडू, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, आणि तेच सात जण जवळपास पूर्ण वेळ बर्फावर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पक, म्हणजे ती रबरी चकती, पुढे उभ्या असलेल्या साथीदाराला पास करायला बंदी होती. पुढे सरकायचं तर पक स्टिकवर घेऊन स्वतः धावायचं, नाहीतर आडवा किंवा मागे पास द्यायचा. टेलर कव्हर पॉइंटला, म्हणजे दोन बचावपटूंपैकी पुढच्या जागी खेळायचा. या जागेवरचे बरेच खेळाडू पक हवेत उचलून लांब भिरकावत आणि तेवढ्यावर काम संपवत. टेलर तोच पक घेऊन थेट समोरच्या गोलपर्यंत जाई. पुढे पास देताच येत नसेल, तर असा एक वेगवान गडी अख्ख्या संघाची चाल बदलतो. ‘सायक्लोन’ हे नाव ओटावात पडलं. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांच्या एका उद्गारावरून ते आलं असं सांगतात.

१९०७ मध्ये ओटावा सेनेटर्सनी त्याला घेतलं ते पगार आणि इमिग्रेशन खात्यातली नोकरी, अशा दुहेरी बोलीवर. १९०९ मध्ये या संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे कॅनडातल्या हॉकीचा सर्वोच्च करंडक, जिंकला. पुढच्याच मोसमात रेनफ्रू या छोट्या गावाच्या संघाने त्याला ५,२५० डॉलर दिले. पैसा ओब्रायन कुटुंबाचा, चांदीच्या खाणी आणि रेल्वेच्या कंत्राटांतून आलेला. मोसम फक्त १२ सामन्यांचा. ही रक्कम किती मोठी होती? १९१०-११ मध्ये लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. म्हणजे आदल्या वर्षी एकट्या टेलरला मिळाले, त्यापेक्षा कमी पैशांत आता पूर्ण संघ बसवायचा होता. एवढं करून रेनफ्रूला कप मिळालाच नाही, आणि १९११ मध्ये संघ बंद झाला.

त्यानंतर त्याचे हक्क माँट्रियलच्या वाँडरर्सकडे गेले. टेलरला ओटावातली नोकरी सोडायची नव्हती, म्हणून १९११-१२ चा मोसम त्याने जवळपास पूर्ण गमावला. ऐन उमेदीत मोसम सोडणं हा वेडेपणा वाटेल, पण मला तो सरळ हिशेब वाटतो. नैसर्गिक बर्फावरचा मोसम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. मधेच ऊन पडलं की बर्फाचा चिखल होई आणि वेग काही कामाचा राहत नसे. खात्याचा पगार मात्र बारा महिने चालू.

१९१२ मध्ये पॅट्रिक बंधूंनी त्याला पश्चिम किनाऱ्यावर, त्यांनी तिथे काढलेल्या लीगमधल्या व्हँकुव्हर संघात नेलं. इमिग्रेशनची नोकरी तिथेही राहिली. तिथल्या डेनमन अरीनात कृत्रिम बर्फ होता. या लीगने १९१३-१४ पासून मधल्या पट्ट्यात पुढे पास द्यायला परवानगी दिली आणि टेलर बचावातून आक्रमणात आला. १९१५ मध्ये व्हँकुव्हरने ओटावाला ६-२, ८-३, १२-३ असं हरवून कप घेतला. १९१७-१८ मध्ये त्याने १८ सामन्यांत ३२ गोल केले. त्या वर्षीच्या कपच्या अंतिम मालिकेत टोरांटोविरुद्धचे सामने आलटून पालटून पूर्वेच्या (पुढे पासला बंदी) आणि पश्चिमेच्या (पुढे पासला परवानगी) नियमांनी झाले. पूर्वेच्या नियमांचे तिन्ही सामने टोरांटोने जिंकले, पश्चिमेचे दोन्ही व्हँकुव्हरने. कप टोरांटोला गेला.

त्याच्या नोकरीचा एक धागा आपल्या इतिहासाला भिडतो. मे १९१४ मध्ये ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन ‘कोमागाता मारू’ ही बोट व्हँकुव्हरच्या बंदरात आली, तेव्हा जहाजावर चढलेला पहिला कॅनेडियन अधिकारी टेलर होता. फक्त २४ जणांना उतरू दिलं. दोन महिने अडकून पडलेलं जहाज २३ जुलैला परत पाठवलं गेलं आणि कलकत्त्याजवळ बजबज इथे पोलिसांच्या गोळीबारात प्रवासी मारले गेले. धोरण सरकारचं होतं, ते राबवणाऱ्या खात्यात टेलर होता. त्याच्या चरित्रात ही गोष्ट गोलांच्या आकड्यांइतकीच ठळक यायला हवी. याच खात्यात तो ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनच्या प्रमुखपदापर्यंत चढला आणि १९५० मध्ये निवृत्त झाला. १९७९ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला.

त्याची आकडेवारी शोधणार असाल तर ओटावा-रेनफ्रूचे आणि व्हँकुव्हरचे गोल एकत्र मोजू नका. जागा वेगळी, नियम वेगळे. रेनफ्रूकडून ओटावाविरुद्ध उलटं स्केटिंग करत गोल केल्याची कथा सगळीकडे भेटेल, पण ती पुराव्यापेक्षा फार फुगलेली आहे. आणि एनएचएलच्या, म्हणजे आजच्या मुख्य व्यावसायिक हॉकी लीगच्या, तक्त्यांत त्याचं नाव शोधू नका. त्या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.