बांबूच्या बनातली ती लढाई मुळात कुणाची? किंग हू यांचे सिनेमे आज बघावेत का?

तुम्ही विचारलंय, की 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधली बांबूवरची लढाई एका जुन्या चिनी दिग्दर्शकाला केलेला नमस्कार आहे असं ऐकलं, तर तो दिग्दर्शक कोण, आणि त्याचे सिनेमे आज बघवतात का?

त्यांचं नाव किंग हू. आणि बघवतात का म्हणाल, तर मी संकलक आहे, गेली बारा वर्षं शॉट जोडतोय, आणि मारामारीचा प्रसंग हाती आला की आजही आधी त्यांचा एखादा प्रसंग लावून बघतो.

हू जिनच्युआन हे त्यांचं मूळ नाव. जन्म बीजिंगचा, 1932चा. लहानपणापासून पेकिंग ऑपेराचं, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती यांच्या पारंपरिक चिनी नाट्याचं वेड. 1949 साली, चीनमध्ये सत्तापालट होत असताना, ते तरुण वयात हाँगकाँगला आले आणि घर मागे राहिलं. पोटासाठी मिळेल ते केलं: मुद्रितं तपासली, इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या, सिनेमाची पोस्टरं रंगवली. मग सिनेमातच नेपथ्य केलं, छोट्यामोठ्या भूमिका केल्या. 1958 साली ते शॉ ब्रदर्स या बड्या स्टुडिओत शिरले. तिथे ली हानश्यांग या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकले. पुढे त्यांच्या सिनेमातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक पेला, प्रत्येक अंगरखा त्या-त्या काळाला धरून असायचा, त्याचं मूळ मला या नेपथ्याच्या दिवसांत दिसतं.

1966 साली आला 'कम ड्रिंक विथ मी'. खाणावळीत एक तरुण योद्धा एकटाच बसलाय, भोवती दरोडेखोर. हा योद्धा म्हणजे पुरुषवेशातली मुलगी. ती भूमिका चंग पेइपेइ यांनी केली, आणि त्या होत्या बॅले शिकलेल्या. हे समजलं तेव्हा मला किंग हूंची किल्ली सापडल्यासारखं वाटलं. आपल्याला कुंग फूतलं काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या लढाया आखाड्यातून आल्याच नाहीत, त्या ऑपेराच्या रंगमंचावरून आल्या. त्यांचे मारामारीचे रचनाकार हान यिंगजिए हेही ऑपेरातच तयार झालेले.

आमच्या कोकणात दशावतारातलं युद्ध ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. मृदंग आणि झांज चढत जातात, दोघे तलवारी परजत गोल फिरतात, वार लागला की नाही याला महत्त्व नसतं, तो तालावर पडला की नाही याला असतं. पेकिंग ऑपेराचं शास्त्र वेगळं आहे, पण श्वास तोच. किंग हूंची माणसं लढण्याआधी थांबतात. नुसती बघतात. मग ताशासारखा कडकडाट, दोन-तीन वार, आणि पुन्हा सगळं निश्चल. वार कधी झाला हे कळेपर्यंत समोरचा कोसळायला लागलेला असतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. किंग हू लढाईतले काही शॉट जेमतेम आठ फ्रेमचे ठेवत, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. उडी मारताना पाय जमिनीवरून सुटला, कट. हवेत अंगरख्याचं टोक फडफडलं, कट. माणूस छपरावर. मधली उडी कुणी दाखवलेलीच नसते, ती आपण मनात पूर्ण करतो. स्प्रिंगच्या पाटावरून मारलेली साधी उडी अशी अमानुष होते. मी हे प्रसंग फ्रेम मोजत पाहिलेत, कट कुठे आहे ते मला पाठ आहे, तरीही दर वेळी माणूस उडतोच.

शॉ ब्रदर्स सोडून ते तैवानला गेले आणि 1967 साली 'ड्रॅगन इन' केला. मिंग राजवट, साल 1457. एका निष्ठावान मंत्र्याचा शिरच्छेद झालाय, त्याच्या मुलांना सरहद्दीवर हद्दपार केलंय, आणि दरबारातल्या खोजाची माणसं त्यांना मारायला वाटेतल्या सरायीत दबा धरून बसलीत. मग एकेक अनोळखी पाहुणा येतो. गोष्ट एवढीच. लोकांनी डोक्यावर घेतला.

त्या यशाच्या जोरावर त्यांनी 'अ टच ऑफ झेन' हाती घेतला, आणि तो काही वर्षं चालला. पू सोंगलिंग या जुन्या चिनी लेखकाच्या कथेवरचा हा सिनेमा तीन तासांहून मोठा आहे. मनासारखं गवत वाढेपर्यंत ते थांबले. 'क्राउचिंग टायगर'ने जिला नमस्कार केला ती बांबूच्या बनातली मूळ लढाई यातलीच. ती काही मिनिटांची आहे, तिला 25 दिवस लागले. वरून झिरपणारं ऊन, धूर, आणि बांबूवरून सरळ खाली सूर मारणारी नायिका श्यू फंग. तैवानमध्ये तो 1970 आणि 1971 साली दोन भागांत लागला आणि पडला. पुढे 1975 साली कान महोत्सवात त्याला तांत्रिक श्रेष्ठतेचा मोठा पुरस्कार मिळाला.

तोवर वारं फिरलं होतं. ब्रूस लीच्या 'द बिग बॉस'ने 1971 सालीच सगळं बदललं. त्यातला खलनायक कोण? हान यिंगजिए! प्रेक्षकांना आता तलवारीपेक्षा मूठ हवी होती. किंग हूंनी कोरियातल्या डोंगरांत आणि मठांत 1979 साली दोन सुंदर सिनेमे केले, त्यातला 'रेनिंग इन द माउंटन' माझा फार लाडका. पण त्यांच्या संथपणाला पैसा लावणारे कमी होत गेले, आणि याची मला अजून हळहळ वाटते. 1990च्या 'स्वोर्ड्समन'वर दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव आहे, पण तो त्यांनी अर्ध्यावर सोडला. अमेरिकेत रेल्वे बांधायला गेलेल्या चिनी मजुरांवरचा सिनेमा हे त्यांचं अनेक वर्षांचं स्वप्न होतं. तो प्रत्यक्षात येईल असं दिसत असतानाच, 14 जानेवारी 1997 रोजी, तैपेईत हृदयावरच्या उपचारांनंतर ते गेले.

बघताना 'ड्रॅगन इन'पासून सुरुवात करा. त्याची आणि 'अ टच ऑफ झेन'ची प्रत आता नव्याने स्वच्छ केलेली मिळते. त्या कामामागे श्यू फंग स्वतः उभ्या राहिल्या. 'झेन'मध्ये पहिला तासभर तलवार जवळजवळ निघतच नाही, तेव्हा पुढे ढकलू नका, तो ओसाड किल्ला डोळ्यांत मुरू द्या. आणि सगळ्यात शेवटी त्साय मिंग-ल्यांग यांचा 2003चा 'गुडबाय, ड्रॅगन इन' बघा. बंद पडायला आलेलं थिएटर, बाहेर पाऊस, पडद्यावर 'ड्रॅगन इन', आणि जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांमध्ये त्याच सिनेमातले दोन नट, म्हातारे झालेले, आपलीच तरुण लढाई बघत बसलेत. एकाच्या डोळ्यांत पाणी आहे.