८० माणसांच्या कंपनीसाठी नॉलेज मॅनेजमेंटचं कुठलं टूल घ्यावं?

तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या सातपूरला ८० माणसांची कंपनी आहे, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक्सेलवर चालतं, मालकांनी शेअरपॉइंट, कॉन्फ्लुएन्स, नोशन आणि गूगल वर्कस्पेस यातलं एक टूल, म्हणजे कंपनीतली माहिती एका जागी ठेवायचं सॉफ्टवेअर, निवडायला सांगितलंय. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीये, की मेंटेनन्सचे काका मार्चमध्ये रिटायर होतायत. मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे आणि मी लिहायला बसलो तेही त्या ओळीमुळेच.

मी नाशिकच्याच अंबडला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीत होतो, डॉक्युमेंट कंट्रोल, म्हणजे कामाच्या लेखी नोंदी तपासून मंजूर करणं, माझ्याकडे. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१५ ची आवृत्ती आली त्यात ७.१.६ हे कलम नवीन होतं, संस्थेकडचं ज्ञान जपा म्हणून. जुन्या सर्टिफिकेटची मुदत सप्टेंबर २०१८ ला संपणार होती, त्यामुळे २०१७ मध्ये सगळीकडे धावपळ, आणि आमच्याकडे त्या एका कलमासाठी एक मोठं पोर्टल घेतलं गेलं. लॉगिन, फोल्डर, टेम्प्लेट, तीन पायऱ्यांचं अप्रूव्हल, सगळं इंग्लिशमध्ये. दोन दिवस ट्रेनिंग झालं कॉन्फरन्स रूममध्ये, पण प्रेसवरचा एकही माणूस त्यात नव्हता, कारण प्रोडक्शन थांबवायचं नव्हतं.

आमचे डाय सेटर होते, प्रेसवर डाय म्हणजे साचा बसवून जुळवणारे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. तीस वर्षं प्रेसवर काढलेली. एप्रिल २०१९ मध्ये रिटायर झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. ऑक्टोबरमध्ये एका जुन्या ब्रॅकेटची स्पेअरची ऑर्डर आली, म्हणून तिची ड्रॉ डाय, म्हणजे पत्रा ओढून खोलगट आकार देणारा साचा, जवळजवळ आठ महिन्यांनी परत तीन नंबर प्रेसवर चढवली. पहिलाच पीस पुढच्या उजव्या कोपऱ्यात फाटला. कुशनचं, म्हणजे पत्रा खालून दाबून धरणाऱ्या गादीचं, प्रेशर कमी केलं तर मागच्या डाव्या कोपऱ्यात सुरकुत्या यायला लागल्या, वाढवलं की पुढे परत क्रॅक. एक शिफ्ट गेली, दुसरी गेली, ३४० ब्लँक, म्हणजे कापलेले पत्र्याचे तुकडे, स्क्रॅपमध्ये आणि कस्टमरचे फोनवर फोन. पोर्टल उघडलं, डाय नंबर टाकला, वर्क इन्स्ट्रक्शन, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी सूचना, लगेच निघाली. रिव्हिजन तीन, सह्या सगळ्या जागेवर, आणि सेटिंगच्या रकान्यात फक्त "स्टँडर्डप्रमाणे सेट करणे".

मामांचा फोन लागेना. छाटणीचे दिवस होते, ते निफाडकडे त्यांच्या द्राक्षबागेत. मी गाडी काढली आणि गेलो. मजुरांबरोबर स्वतः छाटत होते, हातात कात्री. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुठे फाटतंय, प्रेशर किती ठेवलं, पत्र्याची कॉइल कुठली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, मागच्या डाव्या कोपऱ्याखाली पितळेची पट्टी घातली का?"

तीन नंबर प्रेसची बोल्स्टर प्लेट, म्हणजे डाय जिच्यावर बसते ती जाड प्लेट, त्या कोपऱ्यात झिजलेली होती. तिथे डायखाली ०.१५ मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे तीच पातळ पट्टी, गेली की चारही कोपऱ्यांना सारखा दाब यायचा आणि पीस स्वच्छ निघायचा. मामा कित्येक वर्षं ती शिम चष्म्याच्या डबीत घालून आणायचे आणि काम झालं की परत डबीत. मी जरा चिडूनच म्हटलं, मामा, एवढी मोठी गोष्ट लिहून का नाही ठेवली? ते म्हणाले, "लिहून दिली होती ना. तीनदा. तीनदा परत आली."

दुसऱ्या दिवशी मी जुनी फाइल काढली. तीन कागद होते. पहिला २०१७ चा, डायरीचं फाडलेलं पान, मराठीत, बाजूला पेन्सिलने डायचं चित्र आणि त्या कोपऱ्यावर फुली, त्यावर शेरा की फॉरमॅटमध्ये द्या. दुसरा फॉरमॅटमध्ये, सुपरवायझरकडून इंग्लिशमध्ये लिहून घेतलेला, त्यावर शेरा की रेफरन्स डॉक्युमेंट नंबर नाही. तिसऱ्यावर शेरा असा की डायच्या ड्रॉइंगमध्ये शिम दाखवलेली नाही, त्यामुळे ही नोंद मंजूर करता येत नाही. तिसऱ्या शेऱ्याखाली सही माझी आहे.

कस्टमरला एट डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय केलं याचा अहवाल, द्यायचा होता. आमच्या प्लांट हेडनी रूट कॉजमध्ये लिहिलं की निवृत्त झालेल्या सेटरने हँडओव्हर दिला नाही. मी ते तीन कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, सर, हँडओव्हर दिला होता, आपण घेतला नाही. ते म्हणाले, असं कस्टमरला लिहून देतात का. रिपोर्ट तसाच गेला आणि करेक्टिव्ह अ‍ॅक्शन म्हणून पोर्टलची आणखी २० लायसन्स घेतली.

त्यानंतर कितीतरी ठिकाणी मी ऐकलंय की कामगार लिहीत नाहीत, जुनी माणसं विद्या लपवून ठेवतात, कल्चरच नाही आपल्याकडे. हे साफ खोटं आहे. एखादा लपवत असेलही, पण बहुतेकांना कुणीतरी विचारावं अशी फार इच्छा असते. आपण त्यांना विचारतो अशा भाषेत आणि अशा फॉर्मवर की त्यांचं उत्तर त्यात मावतच नाही.

नाशिकचे आहात म्हणून सांगतो. २०२२ मध्ये वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. आमचे तीर्थोपाध्याय गुरुजी, त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, मूळ गाव कुठलं आणि आडनाव काय. दहा-पंधरा मिनिटांत नामावळीची वही घेऊन आले. त्यात आजोबांच्या हातची नोंद होती, कोण कोण आलं होतं, मुलांची नावं, खाली सही. त्याच्याही आधीची पणजोबांची नोंद मोडीत होती, मला एक अक्षर कळलं नाही, गुरुजींनी वाचून दाखवली. मग वही माझ्यापुढे केली आणि म्हणाले लिहा. तिथल्या तिथे, ओल्या कपड्यांनी, मी वडिलांचं नाव लिहिलं.

घरी येताना माझ्या डोक्यात आमचं पोर्टलच होतं. गुरुजींचा प्रश्न असा की दुःखात असलेल्या माणसालाही त्याचं उत्तर येतं, आणि नोंद करायची ती काम चालू असताना, ज्याची त्याने, स्वतःच्या अक्षरात. आमच्या पोर्टलवर एक नोंद टाकायला सात ड्रॉपडाउन भरावे लागायचे, डिपार्टमेंट, कॅटेगरी, डॉक्युमेंट टाइप, आणि ते भरायचे शिफ्ट संपल्यावर ऑफिसात येऊन. मामांना बस गाठायची असायची.

आम्ही पुढे काय केलं ते सांगतो, कारण त्याचा मला अभिमान आहे. क्वालिटी रूममध्ये एक जुना पीसी पडला होता, त्यावर डोकुविकी टाकलं, विकिपीडियासारखी पानं बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, त्यामुळे बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी करायचं. प्रत्येक डायचं एक पान आणि पानाचं नाव म्हणजे डाय नंबर, कारण "डाय", "डाई", "साचा" असं कोणी काहीही लिहितो आणि सर्च गंडतो, पण नंबर सगळ्यांचा सारखाच. डायवर क्यूआरचा स्टिकर लावला. शॉपमध्ये मोबाइलला बंदी होती म्हणून लाइनच्या टोकाला स्टँडवर एक टॅब ठेवला. मामांना चार शनिवार मानधन देऊन बोलावलं, त्यांनी डायसमोर उभं राहून बोलायचं आणि आमच्या एका ट्रेनी मुलाने रेकॉर्ड करायचं, दीड-दोन मिनिटांचे तुकडे, मग त्यानेच ते मराठीत, मामा बोलले तसंच टाइप करायचं. पानाखाली मामांचं नाव. टेम्प्लेट नाही, आधीचं अप्रूव्हल नाही, चुकलं तर दुसरा सेटर त्याखाली लिहील.

नावाचं महत्त्व मला आधी माहीत नव्हतं. झेरॉक्स कंपनीने १९९० च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनसाठी युरेका नावाची सिस्टिम केली होती, त्यात टेक्निशियन लोकच टिप लिहायचे, त्यांच्यातलेच जाणकार ती तपासायचे आणि टिपेवर लिहिणाऱ्याचं नाव राहायचं. हे मी नंतर वाचलं. आमच्याकडे तेच आपोआप घडलं. दुसऱ्या शिफ्टच्या सेटरने मामांचं पान बघितलं आणि आठवड्यात येऊन म्हणाला, साहेब, सात नंबरच्या डायचं माझं पण घ्या.

आणि ज्याचं मला आजही वाईट वाटतं ते हे. शिमचं ते पान सगळ्यांना दिसायला लागल्यावर मेंटेनन्सच्या लक्षात आलं की अरे, हा तर बोल्स्टरचा दोष आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रेस बंद होती तेव्हा बोल्स्टर ग्राइंडिंगला पाठवला. आता त्या पानावर सगळ्यात वर तारखेसह ओळ आहे की बोल्स्टर ग्राइंड झाला, शिम घालू नये. मामांचा पहिला कागद २०१७ चा. तेव्हाच घेतला असता तर ते ३४० ब्लँक वाचले असते आणि मामांच्या नावावर तो रूट कॉज लागला नसता. आमचे तेव्हाचे प्लांट हेड हे वाचत असतील तर त्यांनीही वाचावं.

आता तुमची चार टूल्स. खरं सांगायचं तर चारही चालतील. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचे मेल आधीपासून असतील तर शेअरपॉइंटचे वेगळे पैसे बहुधा पडणार नाहीत, प्लॅन बघून घ्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, टीम्सच्या चॅनेलमध्ये टाकलेली फाइल शेअरपॉइंटवर जाते आणि एकमेकांच्या चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हवर. माणूस सोडून गेला, अकाउंट डिलीट झालं, तर कुणी सेटिंग बदललं नसेल तर ते वनड्राइव्ह ३० दिवसच राहतं. गूगलचंही तसंच, माय ड्राइव्हमधली फाइल त्या माणसाच्या मालकीची आणि शेअर्ड ड्राइव्हमधली कंपनीच्या मालकीची, तेव्हा शेअर्ड ड्राइव्ह तुमच्या प्लॅनमध्ये आहे का ते आधी विचारा. कॉन्फ्लुएन्स आणि नोशन ऑफिसमध्ये बसून लिहिणाऱ्यांसाठी छान आहेत, शॉपवरच्या माणसासाठी मला तरी जड वाटले.

सेल्सवाल्याला दोनच प्रश्न विचारा. मराठीत टाइप केलेलं मराठीत सापडतं का, ते माझ्यासमोर दाखवा. आणि उद्या तुम्ही दुकान बंद केलं तर माझा सगळा माल कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर पडेल. दुसरा प्रश्न उगाच नाही. फेसबुकवाल्या मेटाने वर्कप्लेस हे कंपन्यांसाठीचं टूल बंद करायचं २०२४ मध्ये जाहीर केलं, कॉन्फ्लुएन्स बनवणाऱ्या अटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ ला ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या "सर्व्हर" आवृत्त्यांचा सपोर्ट थांबवला, एवढ्या मोठ्या कंपन्यांचं हे चालतं. पणजोबांची मोडीतली नोंद वाचायला गुरुजी होते, तुमच्या फाइलसाठी कोण असणार?

व्हॉट्सअ‍ॅप बंद करायच्या भानगडीत पडू नका, कोणी ऐकणार नाही. ग्रुपवर एखादं चांगलं उत्तर आलं की ते उचलून पानावर नेणारा एक माणूस नेमा, रोज अर्धा तास, आणि ते त्याच्या कामात धरा, नाहीतर दिवाळीनंतर बंद पडेल.

दोन गोष्टी राहिल्या. अप्रूव्हल नको असं मी म्हटलं ते सगळ्याला लागू नाही. सेफ्टीचं काही असेल, कस्टमरने ठरवून दिलेलं पॅरामीटर असेल, तर ते कंट्रोल प्लॅनमध्येच, म्हणजे काय कसं तपासायचं त्याच्या मंजूर कागदातच, राहू द्या, आम्ही प्रत्येक पानावर तसं लिहिलं होतं आणि महिन्यातून एकदा पक्क्या झालेल्या गोष्टी वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये घेत होतो. ऑडिटर विचारतात, तेव्हा हे दाखवता आलं पाहिजे. आणि डोकुविकी सांभाळायला थोडं कॉम्प्युटरचं कळणारं कोणीतरी लागतं, ते नसेल तर गूगलच बरं.

बाकी डेमो पुढच्या महिन्यात ठेवा. काकांकडे उद्याच जा. एक मशीन धरा, त्यांना विचारा की हे बिघडलं की तुम्ही सगळ्यात आधी कुठे हात लावता. लंचच्या वेळी जा म्हणजे शॉप शांत असतं, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता प्रेसचा आवाज येतो, आमची पहिली सहा रेकॉर्डिंग त्यातच वाया गेली.