प्रश्न तुमचे : प्रशिक्षण झालं, टीव्ही मात्र बंदच

प्रश्न : आमच्या आठ शिक्षकांच्या जिल्हा परिषद शाळेत लोकसहभागातून 55 इंची स्मार्ट टीव्ही आला. एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं. तरी दोघं सोडले तर कुणी त्याला हात लावत नाही. पुन्हा प्रशिक्षण ठेवू का?
– मुख्याध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : तसंच प्रशिक्षण पुन्हा ठेवू नका. सगळी बटणं एका दिवसात दाखवली की आठवडाभरात त्यातलं काही हाती राहत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण-संशोधकांनी 1980 मध्येच शिक्षक-प्रशिक्षणाचे पाच भाग मांडले होते : सिद्धान्त, प्रात्यक्षिक, सराव, प्रतिसाद आणि प्रत्यक्ष वर्गात सोबतीने मार्गदर्शन. आपल्याकडे पहिले दोन उरकले जातात आणि पाचव्यापर्यंत कुणी पोचतच नाही. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

पंधरा दिवसांना एकच कौशल्य घ्या. पहिलं : पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ लावणं आणि नेमक्या जागी थांबवणं. शनिवारी शाळा सुटल्यावर 40 मिनिटं बसा. पाच मिनिटं करून दाखवा. पुढची 25 मिनिटं रिमोट हातोहात फिरू द्या, आठ जणांना तीन-तीन मिनिटं पुरतात. उरलेल्या दहा मिनिटांत प्रत्येकाने येत्या आठवड्यातला आपला पाठ टाचणवहीत (पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत) लिहायचा : वार, तासिका, व्हिडिओ कुठे थांबवणार आणि तिथे मुलांना काय विचारणार. उदाहरणार्थ, सममूल्य अपूर्णांकाच्या व्हिडिओत एक द्वितीयांशाची पट्टी दिसली की थांबवायचं. मुलांनी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्यायच्या, घडी घालून एकीचा एक द्वितीयांश आणि दुसरीचे दोन चतुर्थांश करायचे, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, मगच व्हिडिओ पुढे. हा थांबा ठरलेला नसेल तर मुलं नुसती बघत बसतात. मग शिक्षकालाही वाटतं, यापेक्षा फळा बरा. आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

ज्या दोघांना टीव्ही जमतो, त्यांना सुरुवातीला एकेका सहकाऱ्याच्या तासिकेला बसवा. त्या वेळी त्यांचा वर्ग तुम्ही स्वतः घ्या, नाहीतर ‘वेळच नाही’ इथे सगळं अडतं. एक नियम कडक पाळा : सोबत्याने रिमोट हाती घ्यायचा नाही. समोरचा अडखळला की जाणकार पटकन बटण दाबून मोकळा होतो आणि शिकणं तिथेच थांबतं. त्याने तोंडी सांगावं आणि तासिकेनंतर पाच मिनिटं बोलावं.

बऱ्याचदा खोट शिक्षकात नसते, पेनड्राइव्हमध्ये असते. 64 जीबीचे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅट या साठवणीच्या स्वरूपात येतात आणि अनेक टीव्ही ते वाचत नाहीत. 32 जीबीचा घ्या, फॅट32 या जुन्या स्वरूपात फॉरमॅट करा (आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं) आणि व्हिडिओ एमपी4 ठेवा. फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण पाठाला एवढी लागतही नाही. लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडल्यावर चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमध्ये असं झालं, तर विंडोजमध्ये खालच्या स्पीकरच्या चिन्हातून टीव्ही निवडा.

प्रश्न : दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावर कोर्स पूर्ण केला, पण प्रगती 100 टक्के दिसत नाही आणि प्रमाणपत्रही येत नाही.
– शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ॲपमध्ये डाउनलोड करून ऑफलाइन पाहिलं असेल तर नोंद फोनमध्येच अडकलेली असू शकते. नेट सुरू करून कोर्सच्या पानावरच्या तीन टिंबांमधून प्रगती सिंक करा. तरीही अडलं तर प्रत्येक घटक उघडून पाहा. एखादी पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत न गेल्याने किंवा व्हिडिओ शेवटी सोडल्याने तो घटक अपुरा राहतो. आणखी एक गफलत नेहमी होते : कोर्सला नाव नोंदवलं मोबाइल क्रमांकाने आणि नंतर लॉगिन केलं गुगल खात्याने. ही दोन वेगळी खाती होतात. निष्ठा या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षण उपक्रमाच्या कोर्सना शेवटच्या चाचणीत 70 टक्के गुण लागतात आणि प्रयत्न मोजकेच मिळतात, म्हणून चाचणी घाईत उघडू नका. प्रोफाइलमधलं नाव आधीच तपासा, प्रमाणपत्रावर तेच उमटतं.

प्रश्न : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकास सांगितला आहे. तास तर भरतात, पण फरक पडला हे शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत) कसं ओळखायचं?
– केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा

उत्तर : हे 50 तास मुख्याध्यापकांनाही आहेत, त्यामुळे परिषदेत त्यांनीही एक छोटा पाठ घ्यावा. प्रमाणपत्रं मोजण्याऐवजी दर महिन्याला दोन शिक्षकांना टाचणवही आणि त्या पाठाच्या मुलांच्या पाच वह्या घेऊन बोलवा. मग तीन गोष्टी विचारा : व्हिडिओ कुठे थांबवला, तिथे मुलांनी काय केलं, आणि पुढच्या वेळी काय बदलणार? पहिल्या दोन महिन्यांत उत्तरं त्रोटक येतील, कुणाला टोकू नका. तिसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारा शिक्षक सापडला, की पुढच्या महिन्यात त्याच्या वर्गावर इतर तिघांना पाठवा.