गाण्याच्या कार्यक्रमाचं पहिलंच तिकीट काढतोयस तर

अरे, पैसे नक्की कशाचे देतोयस ते आधी बघ. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट २,५०० रुपयांपासून ३५,०००पर्यंत होतं. लांबच्या स्टँडवरून गायक पडद्यावरच दिसतो. हजारो लोकांसोबत गाण्याची मजा हवी असेल तरच एवढा खर्च कर. काळ्या बाजारातलं तिकीट मात्र घेऊच नकोस.

निवांत गाणं ऐकायचं असेल तर डिसेंबरात पुण्याला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला जा. भारतीय बैठकीचं, म्हणजे जमिनीवर बसायचं, सगळ्या दिवसांचं सीझन तिकीट काढ, खुर्चीच्या मागे लागू नकोस. एका तिकिटात कितीतरी कलाकार ऐकायला मिळतात. बड्या नावांसाठी संध्याकाळी उशिरा येऊ नकोस. दुपारच्या पहिल्या सत्रात एखाद्या नवख्या गायकाचा मुलतानी राग असा रंगतो की तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. लवकर पोहोचलास तर जागाही पुढची मिळते. टेकायला काही नसतं, तेवढी उशी ने.