गोठा बंद करू नका, कोरडा ठेवा

बर्फ पडायच्या आधी मेंढ्यांच्या गोठ्याची दारं-खिडक्या बंद करून आत उष्णतेचे दिवे लावावेत का, असं तुम्ही विचारलंय. बंद मुळीच करू नका. भरपूर लोकर असलेली, कोरडी आणि पोट भरलेली मेंढी कडाक्याची थंडी सहज काढते. पाठीवरचा बर्फ वितळत नाही, म्हणजे तिची ऊब आतच राहतेय. खरा घात ओलाव्याचा. बंद गोठ्यात मुताचा अमोनिया साठतो, श्वासाची वाफ छतावरून ठिबकते आणि न्यूमोनिया सुरू होतो. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, पण वरून हवा खेळती ठेवा. कोकराच्या उंचीवर वाकून वास घ्या. नाकाला झोंबलं, की अंथरूण बदला.

चारा पोटात आंबताना ऊब तयार होते, म्हणून थंडीच्या लाटेत वाळलं गवत वाढवा. पाणी गोठू देऊ नका. गाभणकाळ साधारण 147 दिवसांचा, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भाची सुमारे 70 टक्के वाढ होते. जुळी असली तर चाऱ्याला पोटात जागा उरत नाही, म्हणून थोडं धान्य दोन वेळा विभागून द्या. लोकरीवरून अंगाचा अंदाज बांधू नका, कमरेवर हात दाबून मणके चाचपा. टोकदार लागले तर मेंढी खंगलीय. गाभण मेंढी कळपापासून अलग, सुस्त, खुराकाला न येणारी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा.

व्यायल्यावर मेंढीला कोकरू चाटू द्या, नाळ आयोडिनमध्ये बुडवा आणि दोन्ही सडांतून एकेक धार काढून बघा. सडाच्या तोंडाशी घट्ट बूच असतं, अशक्त कोकराला ते ओढून निघत नाही. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पहिल्या दोन तासांत कोकराच्या पोटात गेलाच पाहिजे. स्वतः पाजणार असाल तर एका वेळी कोकराच्या वजनाच्या किलोमागे 50 मिली.

कोकराच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं तर ताप मोजायचं थर्मामीटर लावा. 39 ते 40 अंश ठीक. 37 च्या खाली असेल आणि मान धरवत नसेल तर नळीनं चीक पाजू नका, तो फुफ्फुसात जातो. जन्मून पाच तास उलटलेल्या अशा कोकराला नुसतं शेकणंही धोक्याचं, कारण रक्तातली साखर संपलेली असते आणि झटके येऊन ते दगावतं. आधी पशुवैद्याकडून ग्लुकोजचं इंजेक्शन, मग शेक. हे इंजेक्शन पोटात देतात. विण्याचा हंगाम सुरू होण्याआधीच त्यांच्याकडून ते शिकून घ्या.

दिव्यानं गोठे पेटतात. लावायचाच झाला तर साखळीनं टांगा, दोरीनं नको, आणि अंथरुणापासून चांगला उंच.